शेवटचा थांबा
विद्यापीठात बिझनेस आणि अकाउंटिंग शिकणाऱ्या बेथनीचं हे वर्ष लीड्सच्या एका ऑडिट फर्ममध्ये प्रत्यक्ष काम शिकण्यात चाललं होतं. दिवसभर ऑफिस, रात्री परीक्षांचा अभ्यास; झोपेचं पार खोबरं झालेलं. त्या सकाळी तिथल्या मोठ्या बाई तिला शिक्षणानंतर नोकरीवर घ्यायचं की नाही ते सांगणार होत्या. ती वडील चालवत असलेल्या बसमध्येच बसली आणि जाग आली तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती. “बाबा, उठवलं का नाहीस?” “आरशात बघत होतो गं. इतकी गाढ झोपलेली कधीची दिसली नव्हतीस. उठवायचं जिवावर आलं.” तेवढ्यात बाईंचा फोन आला. वडिलांनी तिच्या हातून फोन घेतला. “बाईसाहेब, मी ड्रायव्हर बोलतोय. बस बंद पडलीय.” इंजिन मजेत घुरघुरत होतं. फोन परत देत ते म्हणाले, “दुपारी बोलावलंय. झोप.”