साहेब घरात रमला

साहेब घरात रमला आणि नेमका तेव्हाच बाबांनी हट्ट धरला, की आता त्याला परत पाठवा.

लेकीला काही कळेना. साहेब म्हणजे तिच्या मामाचा शिकारी कुत्रा. मामाचे गुडघे गेले, रान सुटलं आणि कुत्रा इथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला. सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता छळ होता. चेंडू टाकला तर तो चेंडूकडे नाही, टाकणाऱ्याकडे बघे, आणि तेही कीव केल्यासारखं. दाराची चौकट कुरतडली. भांड्यातलं अन्न तसंच राही. नातीने लाडाने गळ्यात हात टाकले की उठून दुसऱ्या खोलीत जाई, म्हणून तिने त्याचं जुनं नाव बदलून साहेब ठेवलं. लेक तेव्हाच म्हणाली होती, कामाच्या जनावराला असं कोंडणं बरं नाही, मामाला सांगून दुसरा शिकारी बघू. त्या वेळी बाबाच आडवे आले. राहू दे, दिवसभर मी एकटाच असतो घरात, होईल सवय.

आणि झाली. एका सकाळी बाबा बाथरूममधून बाहेर आले, साहेबाने मान वर केली, त्याचं नाक हललं आणि तो उठून त्यांच्यामागे चालू लागला. त्यानंतर त्याने बाबांची पाठ सोडली नाही. ते स्वयंपाकघरात, तर हा दारात. ते शिलाई मशीनवर, तर हा गुडघ्याला नाक लावून पायाशी. बाबा जुने शिंपी. दुकान बंद केल्यापासून मशीनवर चादर होती, ती आता निघाली. फार काही नाही, स्वतःच्याच पँटी कमरेला आत घेत बसत. पण घरात पुन्हा मशीन वाजते याचंच लेकीला अप्रूप. कुत्र्याने म्हाताऱ्याला उठवून बसवलं, असं ती कामावर, छापखान्यात सगळ्यांना सांगत सुटली. साहेब भांडं चाटूनपुसून खाऊ लागला. शेपटी हलू लागली.

बाबांचं मात्र बिनसलं. ते खोलीचं दार आतून लावून घेऊ लागले. साहेब दाराच्या फटीला नाक लावून बाहेर पडून राही. आजोबांवर किती जीव आहे बघ त्याचा, असं नात म्हणे, आणि तिच्या आईला भरून येई. जेवताना बाबा पाय वर खुर्चीवर घेऊन बसत आणि खाली बसलेल्या त्या कुत्र्याकडे, दारात आलेल्या पोलिसाकडे बघावं तसे बघत. म्हातारपणी माणूस लहरी होतो, असं म्हणून लेकीने विषय सोडून दिला.

मामाला बाबांनीच परस्पर फोन केला. वर येऊ नकोस, जिन्याने गुडघे दुखतील, मी खाली आणून देतो, असंही बजावलं. पण रविवार होता, लेक घरी होती. तिने खिडकीतून मामाला पाहिलं आणि हाताला धरून वर आणलं. तिला भांडायचंच होतं. खुर्चीत बसवून तिने त्याला एका दमात सगळं ऐकवलं. शिकारी कुत्रा घरात सुखी होत नाही म्हणणाऱ्यांनी इथे येऊन बघावं, म्हणाली.

मामाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. साहेबाने जुन्या मालकाला एकदा हुंगलं, शेपटीने ओळख दिली, आणि परत जाऊन तो बाबांच्या पावलाशी नाक टेकवून बसला. बाबा भिंतीकडे बघत होते.

"तूच सांग मामा, सुखी आहे की नाही?"

"सुखी आहे," मामा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्याला काम मिळालंय."

मग त्याने सांगितलं, ते लेकीला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. साहेब सावज पाडणारा कुत्रा नव्हता. गोळी लागूनही निसटलेलं जनावर शोधायचं, एवढंच त्याचं काम. धडधाकट हरणांचा कळप शेजारून गेला तरी तो ढुंकून बघत नसे. आतून रक्त जाणाऱ्या जनावराच्या मात्र मागे मागे चालायचा, ते पडेपर्यंत. बाबांना हे ठाऊक होतं. लग्न नवं असताना याच मेव्हण्याबरोबर ते अशाच एका कुत्र्यामागून रानात गेले होते. पुढचं बघवेना म्हणून अर्ध्यातून परतले होते.

लेकीने बाबांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"डॉक्टरकडे जाऊन आलोय," बाबा म्हणाले. "उशीर झालाय म्हणतात. तुला सांगणार नव्हतो. पण तुम्ही सगळे गेलात की घरात मी आणि हा, दोघंच. भीती वाटते गं मला त्याची."

मामा उठला. काळजी करू नका दाजी, याला मी घेऊन जातो, असं म्हणत त्याने खुंटीवरचा पट्टा काढला. लेक मनात उद्याचा दिवस मांडत होती. उद्या छापखाना होता. नवरा फिरतीवर, पोर शाळेत. बाबा संध्याकाळपर्यंत एकटे असणार होते.

"आणि जनावर पडलं की?" तिने विचारलं. "मग काय करतो हा?"

पट्टा बांधायला वाकलेला मामा थांबला.

"काही नाही. त्याला तोंड लावत नाही. शेजारी बसून राहतो. आम्ही पोचेपर्यंत जागचा हलत नाही."

बाबांनी पाय होता तिथेच राहू दिला. मग हात पुढे करून मामाच्या हातातून पट्टा काढून घेतला.