तिसरी हाक

"तुला देव हाक मारेल ना, तेव्हा तुझ्या कानात गाणी कोंबलेली असतील बघ!" असं चिडवत आजोबा शिडी घेऊन घंटेला तेल घालायला चर्चच्या मनोऱ्यात गेले. तिनं नाक मुरडत इअरफोन काढून ठेवले आणि बाकं पुसायला घेतली.

थोड्या वेळानं कुठूनसा खोल, घुमणारा आवाज आला. "पोरी…"

ती धावत ऑफिसात गेली. "पाळकसाहेब, हाक मारलीत?"

"नाही गं. पूस तू बाकं."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा ती धापा टाकत आली, तेव्हा पाळकसाहेबांचे डोळेच भरून आले. "बाळ, अगं ही त्याची हाक! आता इकडंतिकडं पळू नकोस. गुडघे टेक आणि म्हण, मी इथंच आहे."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. वेदीपुढं गुडघे टेकून तिनं डोळे मिटले. "मी इथंच आहे, प्रभू." कितीतरी वेळ ती तशीच बसली. आवाज पुन्हा आला नाही, पण मन कसं काठोकाठ भरलं होतं!

आता चिडवायची पाळी तिची होती. उड्या मारतच तिनं मनोऱ्याचं दार उघडलं.

शिडी आडवी पडली होती, आणि आजोबांचा गार पडलेला हात दारापर्यंत पोचला होता.