रंग सापडला नाही तर

वॉशिंग मशीननं कपडे झाल्याची धून वाजवली आणि शांत घरात ईरा झोपेतून उठली. नीलिमानं मनातल्या मनात मशीनला शिवी घातली. अजून तासभर तरी मिळायला हवा होता.

ईरा डोळे चोळत आली आणि सरळ नीलिमाच्या मांडीवर चढून बसली. मध्यंतरी आईचं मोठं पोट आड यायचं, बसता यायचं नाही. आता मांडी पुन्हा तिची एकटीची होती.

समोर लॅपटॉप, त्याला जोडलेला फोन. काम तसं साधंच होतं. गाण्यांच्या ॲपमध्ये गाणं लागलं की त्याच्या कव्हरच्या चित्रातला रंग उचलायचा आणि सगळा स्क्रीन त्या रंगात न्हायला पाहिजे. एवढंच राहिलं होतं, की कव्हर काळंपांढरं असलं, रंग सापडलाच नाही, तर कुठला दाखवायचा. सकाळी तिच्या टीमच्या रम्यानं मारतहळ्ळीच्या ऑफिसातून फोन करून ते आजच हवं म्हणून सांगितलं होतं. वर म्हणाली होती, "कोई भी डाल दे, नीलिमा. किसको दिखने वाला है?"

तेव्हापासून नीलिमा रंग टाकत होती आणि खोडत होती.

ईराला खेळ मिळाला. फोनमधलं पुढचं गाणं दाबायचं आणि स्क्रीन बदलला की रंगाचं नाव सांगायचं. पिवळा. जांभळा. एका हिरव्याला तिनं इडलीच्या चटणीचा म्हटलं, तेव्हा नीलिमाला हसू आलं. आपल्याला हसू आलं याचंच तिला जरा कसंसं झालं.

मग ईराचं बोट पुढं सरकलं आणि स्क्रीन पांढराफटक झाला.

ते गाणं नव्हतं. धडधड, धडधड, घाईघाईची. मधेच नवऱ्याचं, मकरंदचं, दाबलेलं हसू, आणि मागे कन्नडमध्ये कुणालातरी गप्प करणारी नर्स. सोनोग्राफीच्या दिवशी त्यानं हौसेनं फोनवर घेतलेलं. कव्हर म्हणून त्यानं पोटातल्या बाळाचा तो करडा फोटोच लावला होता.

"बाळाचा घोडा," ईरा हळूच म्हणाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, घोडा पळतोय.

नीलिमाचा हात बंद करायला गेला आणि तिथंच राहिला.

ईरानं फोन जवळ ओढला, वाकडा केला, सरळ केला. बाकी सगळ्यांना रंग आला, मग ह्यालाच का नाही, असं तिचं म्हणणं. फोटोतच रंग नाहीये ना सोन्या, म्हणून, असं नीलिमानं सांगितलं. ईरानं थोडा विचार केला.

हॉस्पिटलात बाळंतपणाच्या दिवशी पाळण्याऐवजी ट्रे आणला होता, त्यावर पांढरं कापड. बघायचंय का, असं नर्सनं विचारलं, तेव्हा नीलिमानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मकरंदनं पाहिलं. त्यानं नंतर कधी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

घोडा अजून पळत होता. लॅपटॉपवर रंगाची जागा रिकामी होती.

"फोटोत नाही," ईरा म्हणाली. "पण आई, आपलं बाळ कुठल्या रंगाचं होतं?"