टेबलाखालचा हात

कांचन इंद्रपुरीत हसवणारं लाकडी फर्निचर घडवते. तिच्या नव्या वर्कशॉपची परवानगी नगरपालिकेतल्या ठोसर साहेबांनी पाकिटासाठी पावसाळाभर अडवून ठेवली, तेव्हा तिनं एक टेबल केलं. वरून अगदी सभ्य. खाली वाकून पाहिलं, की सागवानात कोरलेला, पुढे पसरलेला हात. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तिनं साहेबांनाच बोलावलं.

साहेब वाकले. आसपासचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहेब मात्र पोट धरून हसत उठले.

“क्या बात है! कांचनताई, असला विनोद आपल्या मराठी माणसालाच सुचतो. टेबल माझं!”

त्यांनी पूर्ण किंमत मोजली, तिच्यासोबत फोटोही काढला.

“लाज वाटली म्हणून विकत घेतलं. आता घरी नेऊन लपवतील,” कांचननं नवऱ्याला सांगितलं.

महिन्याभरानं ती परवानगीचं विचारायला ऑफिसात गेली. टेबल साहेबांच्याच पुढ्यात होतं.

“बसा ताई. फार सोय झाली बघा, लोकांना तोंडानं काही सांगावंच लागत नाही. तुमच्या परवानगीवर आजच सही करतो. आपल्या माणसाकडून का पैसे घ्यायचे? फक्त या टेबलाचं एक काम करून द्या.”

कांचन खाली वाकली. कोरलेल्या तळव्यावरचं पॉलिश पार उडालं होतं.

“पॉलिशचं राहू द्या हो,” वरून साहेब म्हणाले, “हात तेवढा मोठा करा.”