तळघरातला सर्व्हर

तळघरातून सायकली चोरीला जायला लागल्या, तसं हॅनोव्हरमधल्या त्या इमारतीने कॅमेरे बसवले. पण चित्रण कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं, यावर रहिवाशांमध्ये अकरा महिने खल चालला. निवृत्त पोस्टमास्तर ब्रॉकम्योलर एकेक प्रस्ताव मोडीत काढत होते. "उद्या कुणीही सोम्यागोम्या आपली तोंडं बघत बसेल!" शेवटी त्यांच्याच पसंतीचा सर्व्हर आला. चित्रणात जो दिसेल, त्याची लेखी संमती भरल्याशिवाय हा सर्व्हर काही दाखवायचाच नाही.

तिसऱ्याच आठवड्यात खुद्द ब्रॉकम्योलरांची सायकल गेली.

"मग पोस्टमास्तर, बघायचं का चित्रण?" खालच्या मजल्यावरच्या वुटके बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"नियम म्हणजे नियम," ब्रॉकम्योलर गुरगुरले. त्यांनी संमतीचा कोरा अर्ज छापला, त्यावर 'मंगळवारी माझी सायकल नेणाऱ्याने कृपया येथे सही करावी' असं लिहिलं आणि तळघराच्या दाराला चिकटवला.



दुसऱ्या दिवशी अर्जावर सुवाच्य अक्षरात उत्तर होतं: "आवर्जून विचारलंत, आभारी आहे. संमती नाही."