आसिलकानचा लांडगा

"बाईनं भरलेला लांडगा म्हणजे उशीच की!" गावचे थोरले शिकारी ओरमोन आके म्हणाले आणि त्यांच्या अंगणात जमलेलं सगळं गाव हसलं. मेंढ्या फाडणारा तो लांडगा त्यांनीच मारला होता. पेंढा भरायचं काम माझ्या बायकोनं, आसिलकाननं, मागून घेतलं होतं. आके तिला म्हणाले, "माझा घोडा बिचकला नाही, तर तुझे सुया-चाकू चुलीत घालायचे."

"आणि बिचकला तर?"

"तर भर गावात तुला उस्ताद म्हणेन!"

तिनं लांडग्यावरची घोंगडी ओढली. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, दावं तोडून पळाला. कुत्री शेपूट घालून गाड्याखाली दडली. खुद्द ओरमोन आके दोन पावलं मागे सरले, मग टोपी हवेत उडवून ओरडले, "उस्ताद! उस्ताद!" टाळ्यांनी अंगण दणाणलं. माझी छाती अभिमानानं फुगली.

बर्फ भुरभुरू लागला. टोप्यांवर, खांद्यांवर, कुंपणावर साचला. लांडग्याच्या पाठीवरचा झटकायला मी पुढे झालो, तर झटकायला काही नव्हतंच. पडेल तो कण तिथं वितळत होता. आत लाकूड होतं आणि मी स्वतः ठासलेला पेंढा.

आसिलकाननं हातमोजा काढला आणि त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

लोक तिच्या नावानं ओरडत होते. ती त्यांच्याकडे बघून हसत होती. हसू तसंच ठेवून ती मला म्हणाली, "टाळ्या थांबायच्या आत मुलांना घरात ने."