कुंकू लागलेली फ्लॉपी

बनुबाईनं फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला कुंकवाचं बोट टेकवलं. वर दोन अक्षता दाबल्या.

"आत्ती, काय केलंस गं हे?" मयूरी जिन्यावरनं धावत खाली आली.

"पूजा. घरात मशीन आली की करायची असती. मला काय माहीत ह्याचं कपाळ कुठं ते."

दादासो नारळ घिऊन बाजूलाच हुता. मयूरीचा बाप, फौजेत वीस वर्सं वायरलेस सेट पाठीवर वागवलेला माणूस. माधवनगरच्या ह्या घरात कॉम्प्युटर दोन, फोनची लाईन एक. खालच्यावर दादासोला इचलकरंजीस्नं सुताच्या दराची पत्रं यायची, वरचा मयूरीचा. एका लाईनीवर दोन्ही चालवायला मधी राउटर लागतो. कंपनीचा सीलबंद डबा तर टेबलावर येऊन बसलेला. पर मयूरीनं भांडून आपला मांडला: झाकण काढलेला भंगारातला कॉम्प्युटर, आणि मासिकाच्या सीडीवरनं फुकट मिळालेला प्रोग्राम. आख्खा एका फ्लॉपीत मावणारा.

दादासोनं तिला चारपतोर मुदत दिलेली. बंद पडला तर कंपनीचा डबा बसणार, आणि हिनं पुन्यांदा त्या तारांना हात लावायचा न्हाई.

साडेतीन झालेले. चारला लाईट जाणार. गुरवारी जातीच.

"मेली का ती फ्लॉपी?" दादासोनं इचारलं.

"मेली."

"मग हे चालू कसं?"

मोडेमचे दिवे लुकलुकत हुते. पत्रं उतरतच हुती.

"चालू होताना सगळं वाचून घेतंय ते, आण्णा. मग फ्लॉपी लागत न्हाई. ध्यानात ठेवतंय."

"कवर?"

"लाईट हाय तवर."

बनुबाईनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. मयूरीनं कोरी फ्लॉपी आत ढकलली आणि चार अक्षरं बडवली. खर्र. खर्र. खर्र.

"आता काय करतंय?"

"सोताला लिवून काढतंय. हुबेहूब."

"चालता चालता?"

"व्हय."

फ्लॉपी थांबली तसं दादासोनं सरळ बटन बंद केलं. सगळे दिवे गेले.

"आण्णा, काय डोकं बिकं फिरलं का?"

"फौजेत खात्री करून घेत्यात. आता नवीवर चालू कर."

तिनं दात खाऊन बटन दाबलं. परत खर्र, खर्र. लय येळ लागला. मग मोडेम किंचाळला, शांत झाला, आणि एकेक दिवा जागा झाला. खालच्या कॉम्प्युटरावर इचलकरंजीचं पत्र उतरलं.

दादासोनं नारळ खाली ठेवला.

"आत काय लिवलंय, ते दिसतं का?"

"दिसतं की. सगळं उघडं हाय. तुमास्नी बदलायचं तर बदला." तिनं सीडी खालच्या कॉम्प्युटरात घालून ते लिखाण पुढं आणलं. ओळीच्या ओळी वर सरकायला लागल्या. सरत न्हवत्या.

"वीस वर्सं सेट वागवला मी," दादासो म्हणाला. "आत काय हाय ते कुणी दावलं न्हाई. सील तोडलं तर कोठडी." मग पडद्याकडं वाकून, "हे कुणी लिवलं?"

"लय जणांनी. कुणी कुणाला बघितलेलंबी न्हाई. ही बघा नावं."

त्यानं चष्मा लावला. काचेवर बोट ठेवून एकेक नाव जुळवायला लागला. कुठल्या कुठल्या मुलखातली नावं, जिभेवर बसत न्हवती. चुकलं की परत पहिल्यापास्नं. बनुबाई मागं उभी राहून त्याच्याबरोबर ओठ हलवत हुती.

चार वाजले. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

नवी फ्लॉपी दादासोनं मघाच काढून खिशात घातलेली, वरनं खिशाचं बटन लावलेलं. बोट मात्र काचेवरच हुतं, त्या अर्ध्या वाचलेल्या नावावर.